बोटांची सवय मोडताना : माग काढणाऱ्या ऑनलाइन सेवांपासून हळूहळू कसं सुटायचं

मार्चचा शेवटचा आठवडा होता. रात्री साडेअकराला फोनने मला एक ‘आठवण’ दाखवली. मागे गिटार वाजतंय, वर ‘३ वर्षांपूर्वीचा हा दिवस’ असं लिहिलंय, आणि खाली कापड दुकानवाल्या एका क्लायंटचा रद्द केलेला चेक. मग त्यांचं पॅन कार्ड. मग त्यांच्या बायकोचं आधार. मी ठाण्यात छोट्या व्यावसायिकांची जीएसटीची आणि आयकराची रिटर्न भरून देते. लोक कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तिथून ते गॅलरीत उतरतात, गॅलरीतून कुठल्या तरी सर्व्हरवर चढतात, आणि तिथलं एखादं यंत्र त्यांची चित्रफीत करून मलाच परत दाखवतं. चोरी कुणीच केली नव्हती. प्रत्येक पायरीवर कधी ना कधी मीच ‘अनुमती द्या’ दाबलं होतं.

त्या रविवारी मी सगळं एका बैठकीत सोडायला बसले. नवा ब्राउझर, नवा ई-मेल, नवं मेसेंजर, जुनी अ‍ॅप्स काढून टाकली. सोळाव्या दिवशी त्यातली सगळी अ‍ॅप्स फोनवर परत आली होती. वर एका विम्याच्या हप्त्याची आठवण जुन्या पत्त्यावर येऊन पडली आणि मी ती पाहिलीच नाही, त्यामुळे दंडासकट हप्ता भरावा लागला. चूक माझीच. दुसऱ्या वेळी मला चौदा महिने लागले, पण तेव्हापासून गाडी टिकून आहे. पुढे जे लिहिते ते त्या चौदा महिन्यांतलं.

फरक पडला तो क्रमामुळे. ज्या सवयीत फक्त मी आहे ती आधी. ज्यात कचेऱ्या आहेत ती नंतर, सावकाश. ज्यात माणसं आहेत ती सगळ्यात शेवटी, आणि तीही अर्धीच. पहिल्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं. घरच्यांना आधी भाषण दिलं, स्वतःच्या सवयी मात्र त्याच होत्या.

आधी आठ दिवस फक्त खुणा

आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशोब लिहितात, तसा हा हिशोब लिहायचा. फोन हातात घेऊन कुठलीही सेवा उघडली की त्या तारखेच्या चौकोनात एक खूण करायची. शोधाला ‘श’, नकाशाला ‘न’, व्हिडिओला ‘व्ह’. गरजेने उघडलं असेल तर नुसतं अक्षर, उगाच उघडलं असेल तर अक्षराला गोल. बदलायचं काहीच नाही.

माझ्या चौकोनांत ‘श’ सगळ्यात जास्त होते, पण खरं शोधणं त्यात फार थोडं होतं. बहुतेक वेळा मी जीएसटी पोर्टलचं नाव शोधचौकटीत टाकून पहिल्या दुव्यावर जात होते. रोज, दिवसातून आठ-दहा वेळा! ज्या दारात रोज जायचं, त्याचा पत्ता रोज नाक्यावरच्या पानवाल्याला विचारावा, तसं. मग रोज लागणारी बारा ठिकाणं ब्राउझरच्या बुकमार्कपट्टीत नेऊन ठेवली आणि माझे निम्मे शोध तिथेच संपले. यात सुरक्षाही आहे. बँकेचं किंवा सरकारी पोर्टलचं नाव शोधलं की वरच्या जाहिरातीत कधीकधी नकली साइट बसलेली असते. बुकमार्कमध्ये ती भानगड राहत नाही.

गोल केलेले ‘व्ह’ किती होते, ते सांगत नाही.

काही न सोडता नळ बंद करायचे

हे तासाभराचं काम आहे आणि यात काहीच सोडावं लागत नाही, म्हणून हे दुसरं.

गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेटा आणि गोपनीयता’ हा भाग उघडा. ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ बंद करा. बंद करवत नसेल तर आपोआप पुसण्याची मुदत ३ महिने ठेवा. १८ आणि ३६ महिन्यांचेही पर्याय तिथे दिसतात, पण लहानातला लहान घ्या. ‘टाइमलाइन’, म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची वही, बंद करा आणि जुनी पानं पुसा.

तिथेच यूट्यूबचा इतिहास बंद करायचं बटण आहे. संपूर्ण लेखातलं हे एकच बटण दाबलंत तरी चालेल, असं माझं मत. इतिहास बंद केला आणि जुना पुसला की २०२३ पासून यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ रिकामं दिसतं, शिफारशी येत नाहीत. जे पाहायचं ते नाव टाकून शोधा. मला पाकृ हवी असते तेव्हा मी पाकृ शोधते, पाहते, आणि अ‍ॅप बंद करते. ‘एवढी एक पाहते’ म्हणत रात्रीचा एक वाजायचा, ते थांबलं. यासाठी मनाचा निग्रह वगैरे लागला नाही. समोर ताटच वाढलेलं नसलं की भूकही आपोआप कमी होते.

पुढे जाहिरातींची ओळख. प्रत्येक अँड्रॉइड फोनला जाहिरातदारांसाठी एक लांबलचक क्रमांक असतो. तुम्ही चपला पाहिल्यात एका अ‍ॅपमध्ये आणि जाहिरात दिसली दुसऱ्यात, तर दोघांनी तुम्हाला बहुधा याच क्रमांकावरून ओळखलेलं असतं. सेटिंग, मग गूगल, मग जाहिराती, आणि तिथे ‘जाहिरात आयडी हटवा’. आयफोनवर सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी’ भागात ‘ट्रॅकिंग’ आहे. अ‍ॅपना माग काढायची परवानगी विचारूच द्यायची नाही, अशी सोय अ‍ॅपलने तिथे दिली आहे.

मग परवानग्या. स्थान ‘वापरताना तेवढंच’, आणि बहुतेक अ‍ॅपना तेही नाही. मायक्रोफोन कुणाकुणाला दिलाय ते बघा, हसू येईल. मात्र सगळ्यात दुर्लक्षित परवानगी संपर्कयादीची. आपली फोनवही आपल्या एकटीची नसते. त्यात माझ्या डॉक्टरांचा नंबर आहे, क्लायंटचे आहेत, शाळेतल्या बाईंचा आहे, आणि कुठल्याशा सवलतीच्या अ‍ॅपला मी ती वही देते तेव्हा त्यांच्यापैकी कुणाला विचारलेलं नसतं. चटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी याच यादीवरून नातेवाइकांना फोन करून लोकांचा छळ केला, हे आपण बातम्यांत वाचलंय. ही परवानगी काढून टाकली तर बहुतेक अ‍ॅपचं काहीही अडत नाही.

आणि माझ्या गिटारवाल्या चित्रफितीवरचा इलाज : व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट’खाली ‘मीडिया दिसणं’ बंद करा, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत उतरत नाहीत. फोटोंचा बॅकअप घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर वगळा. दोन मिनिटांचं काम होतं. तीन वर्षं केलं नव्हतं.

ब्राउझर : जागा तीच, अ‍ॅप दुसरं

बोटाला अ‍ॅपचं नाव माहीत नसतं, जागा माहीत असते. म्हणून फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर घेतल्यावर त्याचं चिन्ह पडद्यावर नेमकं तिथेच ठेवा जिथे क्रोम होतं. क्रोम बहुतेक अँड्रॉइड फोनवरून काढता येत नाही, पण ‘अक्षम करा’ करता येतं. फायरफॉक्सच मूळ ब्राउझर म्हणून निवडा, नाहीतर प्रत्येक दुवा जुन्या दारातूनच उघडेल.

मग यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका. रेमंड हिल नावाच्या माणसाने केलेलं, मोफत, आणि देणगीही न घेणारं. ते जाहिराती तर अडवतंच, शिवाय पानामागून तुमचा माग काढणाऱ्या अदृश्य विनंत्याही अडवतं. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलल्यावर ते तिथे चालेनासं झालं. फायरफॉक्समध्ये मोबाइलवरही चालतं. मराठी बातम्यांच्या साइट ज्यांनी मोबाइलवर वाचल्या आहेत, बातमीची एक ओळ आणि मग गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात, त्यांना फरक पहिल्या दहा सेकंदांत कळेल.

काही पोर्टलं फायरफॉक्समध्ये रुसतात. डिजिटल सिग्नेचरचं काम अडलं तर माझ्या संगणकावर क्रोम आहे. त्यात फक्त ती पोर्टलं उघडायची, दुसरं काही नाही, आणि त्यात कुठल्याही खात्याने लॉगइन करायचं नाही. सोवळ्याची भांडी वेगळी ठेवतात तसं.

शोधासाठी गूगलऐवजी डकडकगो लावा. इंग्रजी शोधाला ते पुरतं. मराठीत मात्र मला ते तोकडं वाटतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण इथेच बहुतेक लोक माघारी फिरतात. ‘कांदा मुळा भाजी’ मिळेल, पण एखाद्या शासन निर्णयाचा मराठी मजकूर शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. अशा वेळी स्टार्टपेज वापरा. ही नेदरलँडमधली सेवा तुमच्या वतीने गूगलला विचारून उत्तर आणते, त्यामुळे उत्तरं गूगलची मिळतात आणि विचारणारं कोण ते गूगलला कळत नाही. अगदीच अडलं तर डकडकगोच्या चौकटीत उद्गारचिन्ह, त्याला चिकटून इंग्रजी ‘जी’ अक्षर, आणि पुढे तुमचा शोध लिहा. ते थेट गूगलवर नेऊन सोडतं. तिथे अर्थातच तुम्ही गूगलच्याच अंगणात असता. पण दहातल्या एका वेळी जाणं आणि दहाही वेळा जाणं, यात फरक आहेच की.

नकाशा

इथे फार वेळ घालवत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स हे अ‍ॅप घ्या, घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून ठेवा. आतला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून काढलेला. तो फोनमध्येच असल्यामुळे घाटात रेंज गेली तरी चालतो. वरंध उतरताना मला त्याचा फार आधार वाटला. उणीव दोन. वाहतुकीची कोंडी त्यात दिसत नाही आणि दुकानांची नावं अपुरी असतात. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या बाईला कोंडी न दाखवणारा नकाशा म्हणजे थट्टाच! म्हणून निघताना मी गूगल नकाशा ब्राउझरमध्ये, लॉगइन न करता, एकदा बघते आणि बंद करते. गावाकडची नावं चुकली असतील तर ओपनस्ट्रीटमॅपवर ती आपण स्वतः दुरुस्त करू शकतो. आमच्या गावच्या देवळाचं नाव मी देवनागरीत घातलं, त्याचा आनंद भलताच होता.

ई-मेल : वर्षभराचं काम, पण घाई नको

सगळ्यात मोठी गाठ इथे आहे. जीमेलने जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर तपासणं थांबवत असल्याचं २०१७ मध्ये जाहीर केलं, हे खरं. पण प्रश्न पत्रं वाचण्याचा एवढाच नाही. तो एक पत्ता तुमचा शोध, व्हिडिओ, नकाशा, फोटो, फोन आणि शेकडो दुकानांतली खाती एका दोऱ्यात ओवतो. तो दोरा सोडवायचा आहे.

नवा पत्ता कुठे घ्यायचा? प्रोटॉन मेल स्वित्झर्लंडचं. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेत ओळख झालेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं. तिथे पेटीतली पत्रं अशी कुलूपबंद असतात की कंपनीलाही वाचता येत नाहीत. जर्मनीचं टूटा तसंच. आपल्याकडचं चेन्नईचं झोहो मेल जाहिरातींवर चालत नाही, पण कुलूप त्या जातीचं नाही. मी प्रोटॉन घेतलं. गैरसमज नको म्हणून सांगते : समोरचा माणूस जीमेलवर असेल तर तुम्ही त्याला लिहिलेलं पत्र त्याच्या बाजूला गूगलकडेच पडणार. तुमची अख्खी पेटी एका जागी त्यांच्याकडे राहत नाही, एवढाच फायदा, आणि तो पुरेसा आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. खातं उघडल्यावर सेटिंगमध्ये परत मिळवण्यासाठी काही इंग्रजी शब्दांची ओळ मिळते. ती कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फायलीत ठेवा. पासवर्ड विसरलात आणि ती ओळ नसली तर खातं कदाचित परत मिळेल, जुनी पत्रं मात्र कुलपातच राहतील. कंपनीला वाचता येत नाहीत याचा हा दुसरा अर्थ. पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. ‘सगळीकडे एकच’ ही सवय याच निमित्ताने जाऊ दे.

आता खरी युक्ती. पहिल्या वेळी मी सगळ्या खात्यांची यादी करायला बसले होते. साठाव्या नावाला कंटाळून उठले. दुसऱ्या वेळी यादी केलीच नाही. जुन्या पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन येणारं प्रत्येक पत्र नव्या पत्त्यावर पुढे पाठवायला सांगितलं, आणि नव्या पेटीत नियम केला की जुन्या पत्त्यावरून आलेल्या पत्राला लाल खूण लागावी. मग रोज संध्याकाळी लाल खुणेचं एक पत्र उघडायचं आणि त्या एका ठिकाणचा पत्ता बदलायचा. एकच. नको असलेलं असेल तर सदस्यत्व रद्द. यादी आपोआप तयार होते आणि जे कधी लिहीतच नाहीत त्यांच्यावर वेळ जात नाही.

अपवाद पाचच, आणि ते पहिल्या आठवड्यात हाताने बदला : बँक, आयकर पोर्टल, डीमॅट, विमा, भविष्यनिर्वाह निधी. इथली पत्रं चुकवून चालत नाही, आयकराची नोटीस नोंदवलेल्या पत्त्यावर आली की ती आली असंच धरतात. तुमचा जीएसटी नंबर असेल तर तिथला ई-मेल बदलणं ‘नॉन-कोअर अमेंडमेंट’मध्ये येतं, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. फक्त जुलै आणि मार्चमध्ये हे उद्योग करू नका. माझ्या धंद्यात दिवाळी झाली की थोडा श्वास मिळतो, मी तेव्हा केलं. महावितरण, गॅस, रेल्वेचं तिकीटखातं ही मंडळी मागाहून आली तरी बिघडत नाही.

त्यानंतर गूगल खात्यातली जोडलेल्या अ‍ॅपची यादी उघडा. जिथे जिथे तुम्ही ‘गूगलने साइन इन करा’ दाबलं होतं ती सगळी दारं तिथे दिसतील. प्रत्येक ठिकाणी जाऊन स्वतंत्र पासवर्ड लावा आणि मगच जोडणी तोडा. उलटं केलंत तर घराबाहेर राहून आतून कडी लावल्यासारखं होईल.

जुना माल उतरवायला गूगलचीच ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. फक्त पत्रं आणि फोटो निवडा, सगळं एकदम मागू नका. तयार झालं की दुवा येतो आणि तो साधारण आठवडाभरच चालतो, म्हणून हार्ड डिस्क आधी जागेवर ठेवा. पत्रांची फाइल थंडरबर्ड या ई-मेलच्या मोफत प्रोग्राममध्ये उघडते. फोटोंचं एक विचित्र आहे : तारीख-ठिकाणाची माहिती प्रत्येक फोटोशेजारी वेगळ्या छोट्या फाइलमध्येही येते. तो कचरा समजून मी पहिल्या वेळी पुसून टाकला. तुम्ही पुसू नका. दोन डिस्कवर दोन प्रती करा, एक भावाकडे किंवा माहेरी.

आणि जुनं खातं? निदान तेरा महिने बंद करायचं नाही. वर्षातून एकदाच लिहिणारे बरेच असतात : विमा, सोसायटीची वार्षिक सभा, वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसचा करार. तेरा महिन्यांत एक फेरी पूर्ण होते. शिवाय अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरसाठी गूगल खातं लागतंच, तेव्हा पेटी रिकामी करून चावी तेवढी ठेवलीत तरी हरकत नाही. लक्षात असू द्या, दोन वर्षं अजिबात न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं.

व्हॉट्सअ‍ॅप, म्हणजे माणसं

इथे मी पूर्ण सुटलेले नाही आणि सुटेन असं वाटतही नाही. सोसायटीचा पाण्याचा टँकर, मुलीच्या शाळेच्या सूचना, क्लायंटची बिलं, सगळं तिथे.

२०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं. २०१६ पासून त्यावरचे संदेश दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतात, मधल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतं, हे कुलपाच्या बाहेर राहतं. जानेवारी २०२१ मध्ये नव्या धोरणाची सूचना आली तेव्हा निम्मी सोसायटी आठवडाभर सिग्नल या दुसऱ्या मेसेंजरवर पळाली होती आणि पुढच्या आठवड्यात परतली. त्याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

ती सोसायटी परतली, कारण सगळ्यांनी सगळ्यांसाठी एकदम जायचं ठरवलं होतं. मी यावेळी कुणालाच काही समजावलं नाही. फक्त मुलीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं बंद केलं आणि आईला साताऱ्याला फोन केला.

“आई, आता तिचे फोटो फक्त सिग्नलवर येणार हं.”

“अगं, मला नाही जमत ती नवीन सोंगं. दादाकडे पाठव, तो दाखवेल.”

“दादाला पण तिथेच पाठवणारे मी.”

तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी दादाने तिच्या फोनवर सिग्नल घालून दिलं. महिन्याभराने आई म्हणाली, “ते निळं बरंय बाई. कुणी सुप्रभात म्हणत नाही.” वहिनी आली ती आईमुळे, मावशी आली ती वहिनीमुळे. आज तिथे आम्ही नऊ जण आहोत. माझ्या खाजगी बोलण्यातलं बहुतेक या नऊ जणांतच असतं, म्हणजे काम झालं.

सिग्नल ना-नफा संस्था चालवते. तिच्या पायाभरणीत २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचेच एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनी पैसा घातला. अमेरिकेत सरकारी तपासात त्यांच्याकडे एका नंबरची माहिती मागितली तेव्हा त्यांना दोनच गोष्टी देता आल्या : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांनी साठवलेलंच नव्हतं. मला यंत्रांतलं फार कळत नाही, पण हिशोबनिसाच्या नजरेने ‘वहीत नोंदच नाही’ हे उत्तर मला फार पटलं. खातं उघडायला मोबाइल नंबर लागतो. तो इतरांना दिसू नये म्हणून टोपणनाव घेता येतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर बॅकअप आधी चालू करून द्या, नाहीतर फोन हरवला की नातीचे फोटो गेले आणि सगळं खापर तुमच्यावर.

उरलेल्या व्हॉट्सअ‍ॅपसाठी एवढं करा. चॅट बॅकअपमध्ये जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा. ते न केल्यास कुलूपबंद संदेशांची प्रत ढगात, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर, उघडी पडून राहू शकते. गट सगळे मूक करून संग्रहात टाका आणि दिवसातून दोनदा तिथे जाऊन बघा. टँकरची वेळ चुकली तर शेजारीण सांगते. क्लायंटना मी कागद ई-मेलने पाठवायला सांगितलं. तीसपैकी दोघांनी ऐकलं. बाकीच्यांचे कागद आले की संगणकावर उतरवून त्याच दिवशी चॅटमधून पुसते.

नंबर आणि आधार, जाता जाता

मॉलच्या काउंटरवरचा मुलगा “मॅडम, नंबर?” विचारतो, तेव्हा “देत नाही” म्हणायला मला आधी लाज वाटायची. बिलासाठी ग्राहकावर नंबरची सक्ती करणं ही अनुचित व्यापार पद्धत आहे, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. नुसतं “नंबराशिवाय बिल करा” म्हणा. पुढचे चार सेकंद अवघड जातात, मग बिल होतं.

ट्रूकॉलरवरून आपला नंबर काढता येतो : अ‍ॅप वापरत असाल तर आधी खातं निष्क्रिय करा, मग त्यांच्या साइटवर जाऊन नंबर यादीतून वगळायला सांगा. आधी अ‍ॅप नुसतं काढून टाकण्याने काहीच होत नाही.

हॉटेलवाले व्हॉट्सअ‍ॅपवर आधारचा फोटो मागतात तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून ते उतरवता येतं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. फोनमध्ये तेच ठेवा, पूर्ण आधारचा फोटो ठेवूच नका.

यूपीआयबद्दल विचारतात म्हणून : बँकेला आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला व्यवहार कळणारच. मधले तिसरे किती जण ठेवायचे, एवढंच आपल्या हातात. माझ्याकडे चार अ‍ॅप होती; आता एनपीसीआयचं भीम तेवढं आहे.

पाय घसरला तर

घसरतोच. मागच्या गणपतीत पाच दिवस मी पूर्ण जुन्या वाटेला लागले होते, कारण पाहुणे, आरत्यांचे व्हिडिओ, बाहेरगावचे रस्ते. सहाव्या दिवशी मी काही शपथा घेतल्या नाहीत. दिनदर्शिकेत आठ दिवस पुन्हा खुणा केल्या आणि पाहिलं की बोट कुठल्या चिन्हाकडे जातंय. यूट्यूबचा इतिहास कुणीतरी पाहुण्या पोराने चालू केला होता. बंद केला.

जुन्या पेटीत परवा तीन पत्रं आली. दोन साड्यांच्या दुकानांची आणि एक वॉटर प्युरिफायरवाल्यांचं, करार संपतोय म्हणून. त्यांचा पत्ता बदलायचा राहिला होता. संध्याकाळी बदलला.